आई म्हणते, माउली बघून घेईल

गाडीतळकर

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं इथे वाचतोय. लिहितो क्वचित, आणि तेही बहुधा पाककृतींच्या धाग्यावर, मीठ जास्त झालं म्हणायला. आज जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

वय ४६. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, एकाच कंपनीत चौदा वर्षं. मार्चमधल्या एका मंगळवारी साडेदहाला मीटिंगचं आमंत्रण आलं, अकराला मीटिंग झाली, आणि अकरा वाजून अठरा मिनिटांनी माझं मेल बंद पडलं. सिक्युरिटीच्या पोराने खोका आणून दिला. मी गेटपर्यंत पोचलो तर तो मागून पळत आला, "सर, छत्री राहिली खुर्चीला." मार्चमध्ये छत्री. गेल्या पावसाळ्यापासून तिथेच लटकत होती. दिवसभरात रडू आलं ते त्या छत्रीपाशी, बाकी कुठेच नाही.

घरी बायको, एका शाळेत कंत्राटी. मुलगी बारावीला. आई ७४ वर्षांची. फ्लॅटचा हप्ता ४१ हजार, अजून सहा वर्षं बाकी. कंपनीने तीन महिन्यांचा पगार दिला, तो आता संपत आलाय. सव्वादोनशे अर्ज केले, अकरा फोन आले, तीन मुलाखती झाल्या. एका मुलाखतीत पोरगेल्या मॅनेजरने विचारलं, "तुम्हाला तरुण टीमबरोबर जमेल ना?" मी म्हटलं, जमेल. त्याला काही ते जमलेलं दिसत नाही.

तर मुद्दा. आई माळकरी. माहेर नीरेकाठचं, लहानपणापासून पालखी दारावरून जाताना पाहिलेली. नोकरी गेल्याचं सांगितलं तेव्हा ती गवार मोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "माउली बघून घेईल." त्यानंतर रोज संध्याकाळी दिवा लावताना तेच. पहिल्या आठवड्यात बरं वाटलं. दुसऱ्या महिन्यात मला त्या वाक्याचा राग यायला लागला. कसं बघून घेईल? बँकेत जाऊन?

पण खरं सांगू? रात्री दोन वाजता मी पंख्याकडे बघत पडलेला असतो. बायको पाठ करून झोपल्याचं नाटक करत असते, चोवीस वर्षांच्या संसारात तेवढं कळतं. आणि हॉलमध्ये आई चक्क घोरत असते. अख्ख्या घरात झोप तिला एकटीलाच.

देव आहे की नाही हा वाद नकोय, त्यासाठी इथे वीस धागे पडलेत. ज्यांच्यावर खरंच वेळ आली त्यांनी सांगा. भरवसा टिकला का? टिकला तर त्याने झालं काय?

साडेतीन_शहाणा

धागाकर्ते, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण उत्तर सोपं आहे. आई झोपतात कारण हप्ता त्यांच्या नावावर नाही. (हलकं घ्या.)

बोरूबहाद्दर

शहाणे, तुम्हाला प्रत्येक ठिकाणी टपली मारलीच पाहिजे का?

गाडीतळकर, आई बरोबर सांगताहेत. तुकोबारायांनी सांगून ठेवलंय, "ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें । चित्तीं असों द्यावें समाधान." आपण फार हव्यास धरतो, मग दुःख होतं. मी तीस वर्षं सरकारी नोकरीत होतो, कधी बढतीसाठी कुणाचे पाय धरले नाहीत. जे मिळालं त्यात समाधान मानलं. तुम्हीही नामस्मरण वाढवा, सगळं सुरळीत होईल.

साडेतीन_शहाणा

तीस वर्षं सरकारी नोकरी, आता पेन्शन, आणि वर समाधानाचा सल्ला. अनंताने तुम्हाला चांगल्या जागी ठेवलं हो.

ज्योतिषमार्तंड_७

*(हा प्रतिसाद संपादकांनी काढून टाकला आहे. कारण: 'नोकरीप्राप्ती विधी' व त्याची दक्षिणा यांची जाहिरात. फोन नंबर टाकण्याची ही तिसरी वेळ असल्याने आयडी बंद करत आहोत.)*

गाडीतळकर

काढण्याआधी मी वाचला तो. २१ हजार म्हणत होते. आणि कबूल करतो, पाचेक मिनिटं मी खरंच विचार केला की हप्त्याच्या निम्मेच तर आहेत. माणूस कुठपर्यंत येतो बघा.

साडेतीन_शहाणा

लाजू नका. ती मंडळी माणसाच्या त्या पाच मिनिटांवरच बसलेली असतात. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा 'आता कीर्तनावरही बंदी येणार' अशी आवई उठली होती. कायद्यात तर कीर्तन, भजन, प्रवचन सरळ वगळलंय. तुमच्या आईचं दिवा लावणं आणि या इसमाची दक्षिणा यांतला फरक सरकारलाही कळतो. मलाही कळतो, बोरूबहाद्दरांना काहीही वाटो.

गोदाकाठ

राम राम. मी परभणी जिल्ह्यातला, गंगाखेडच्या अलीकडचा. अकरा एकर, त्यातली सात कोरडवाहू.

आमच्याकडं 'देव बघंल' हे रोजचंच हाय. पाऊस आला तरी देव, नाही आला तरी देव. म्हणून त्याचा कधी हिशेब केला नव्हता. तुमचा प्रश्न वाचून आजी आठवली.

बहात्तरच्या दुष्काळात आजीनं नाला बंडिंगवर खडी फोडलेली. घरची पाटलीण व्हती ती, उंबऱ्याच्या बाहेर कधी उन्हात उभी राहिली नव्हती. मजुरी मिळायची, वर सुकडी, म्हंजी मजुरांना वाटायचा कोरडा खाऊ, मिळायची. रेशनला मिलो यायची, अमेरिकेची तांबडी ज्वारी. भाकरी थापली तर तव्यावर चिरायची. आजी सांगायची, पयल्या दिवशी घमेलं उचललं आन् लाजंनं मान खाली. शेजारची लमाणाची बाई म्हनली, "गाणं म्हण, हात चालत्यात." मग आजीनं जनीच्या ओव्या काढल्या. जात्यावरच्या ओव्या, खडी फोडताना.

आता जनाबाई आमच्या गंगाखेडची, त्यामुळं अभिमान धरून सांगतो. जनी दळायला बसली की विठ्ठल येतो आन् तिच्यासंगं दळतो. शेण वेचतो, गोवऱ्या थापतो, पाणी भरतो. पण एक बघा, जनीनं हात पुसून बाजूला बसावं आन् त्यानं एकट्यानं दळावं, असं मी तरी कुठं ऐकलं नाही. खुंट्याला दोघांचा हात. 'बघून घेईल' ह्याचा अर्थ आमच्या घरात तरी एवढाच लावला जायचा.

आन् तीच जनी रागाला आली की "अरे विठ्या विठ्या । मूळ मायेच्या कारट्या" म्हणते. तुम्हाला राग येतोय तर येऊ द्या. जनीला आला, तुम्ही कोण.

उन्हाळी_लागली

गोदाकाठ, +१०० त्या शेवटच्या वाक्याला.

आवलीची_शेजारीण

बोरूबहाद्दरांनी तुकोबा काढलेच आहेत तर मी थोडं बोलते. मूळची देहूजवळची, आता नाशिकला.

'ठेविले अनंते' हा चरण लोक दुसऱ्याच्या घरातल्या अडचणीवर जितका वापरतात तितका स्वतःच्या अडचणीवर वापरताना मी पाहिलं नाही. ज्याने तो लिहिला त्याच्यावर काय गेलं होतं ते जरा आठवा. घरात महाजनकी, वाण्याचं दुकान, सावकारी. चांगलं खाऊनपिऊन सुखी घर. मग १६३०च्या आसपासचा तो दुष्काळ, दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे माणसं पटापट मेली. दुकान बसलं. पहिली बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, आडपडदा न ठेवता. मुलगा गेला. दिवाळं निघालं, गावात मान गेला. वय विशीच्या आसपास. आपल्याकडे त्या वयात पोरांच्या इंटर्नशिप चालू असतात.

नंतर त्यांनी म्हटलं, "बरें जालें देवा निघालें दिवाळें." बरोबर. पण 'बरं झालं' हे ज्याचं दिवाळं निघालं त्याने म्हणायचं असतं, आणि तेही त्याच्या सवडीने. शेजाऱ्याने म्हटलं की तो टोमणा होतो.

आता माझा खरा मुद्दा, आयडीच्या नावाला जागून. सगळे तुकोबांचा भरवसा सांगतात. त्या भरवशाचं बिल कुणी भरलं? आवलीने. दुसरी बायको, जिजाबाई. हे भंडाऱ्याच्या डोंगरावर, आणि ही घरात पोरं सांभाळून वर डोंगरावर भाकरी घेऊन जाणार. तिने विठोबाला शिव्या घातल्या म्हणून कीर्तनकार तिला कजाग करून हशा मिळवतात. मला नेहमी वाटतं, ती शिव्या देत होती आणि भाकरीही नेत होती. रोज. त्या कुटुंबात देवाशी सर्वांत थेट बोलणं बहुतेक तिचंच चाललं होतं.

आणि ती खतांची गोष्ट. सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे सगळ्यांना पाठ. पण त्याआधी काय केलं? धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाट्याची निम्मी वेगळी काढून दिली. बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. देवावर भार टाकायचा तर आपल्या हिश्शाचा टाकावा, भावाचा नाही, एवढं त्या माणसाला कळत होतं. मी शाळेत हे ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "मग आवलीचा वाटा कुणी काढला?" बाईंनी मला खाली बसवलं. आजतागायत बसलेलीच आहे.

गाडीतळकर, म्हणून तुम्हाला उलटा प्रश्न. तुमच्या घरात आई देवावर भार टाकून झोपते. भाकरी घेऊन डोंगर कोण चढतंय? बायकोशी बोललात का?

बोरूबहाद्दर

माझा हेतू टोमणा मारण्याचा नव्हता. तरी लागलं असेल तर क्षमस्व. बढतीसाठी पाय धरले नाहीत हे लिहिलं, पण १९९४ साली निलंबित होतो सात महिने, खोट्या तक्रारीवर, हे लिहायला हात धजावला नाही. तेव्हा हाच चरण रोज म्हणायचो. त्याने निलंबन उठलं नाही, ते चौकशी अधिकारी चांगला मिळाला म्हणून उठलं. पण त्या सात महिन्यांत मी ऑफिससमोरच्या टपरीवर जाऊन कुणाची गचांडी धरली नाही, त्याचं श्रेय मी त्या चरणालाच देतो.

साडेतीन_शहाणा

बोरू, हे आधी सांगितलं असतंत तर मी ते पेन्शनचं बोललो नसतो. मागे घेतो.

वसईची_थोरली

मी ख्रिस्ती, सामवेदी बोलणाऱ्या घरातली. या धाग्यावर बोलावं की नाही असं वाटलं, पण आई सगळ्यांच्या सारख्याच असतात.

आमच्याकडे रोजच्या प्रार्थनेतच "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" आहे. लहानपणी घाईत म्हणून टाकायचो. माझा नवरा समुद्रावर गेला आणि बोट तीन दिवस उशिरा आली तेव्हा ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. बाकीची प्रार्थना म्हणायची आणि तेवढं गिळायचं. आमच्या फादरना सांगितलं. ते म्हणाले, नाही म्हणता येत तर नको म्हणूस, बाकीचं म्हण. मला वाटलं होतं रागावतील.

बायबलात ईयोब आहे. सगळं गेलं, मुलंबाळं, गुरंढोरं, अंगावर फोड. त्याला भेटायला तीन मित्र येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. पुढे बोलायला लागतात आणि सगळं बिघडतं, कारण प्रत्येकजण त्याला समजावतो की तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. ईयोब एवढा भांडला देवाशी, तरी तो बरोबर बोलला असं देव म्हणतो. ते मला फार आवडतं.

बोट आली. न येणाऱ्याही असतात, आमच्या पाड्यात दोन घरं आहेत तशी. त्यातली एक बाई रविवारी माझ्या पुढच्या बाकावर बसते. तिच्यासमोर 'देवाने माझं ऐकलं' असं मी कधीही म्हणत नाही.

एडिसनची_मावशी

इथे अमेरिकेत एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की ६० दिवस असतात. तेवढ्यात दुसरी नोकरी किंवा दुसरा व्हिसा, नाहीतर चंबूगबाळं आवरून परत. आमच्या शेजारच्या मुलावर आली ही वेळ, बायको सातव्या महिन्यात. दोघं दर शनिवारी मंडळाच्या भजनाला यायला लागली. आधी कधी फिरकली नव्हती. मी विचारलं, एकदम भक्ती कशी लागली? तर म्हणाला, "मावशी, खरं सांगू का, भजनानंतर जेवण असतं. आठवड्यातला एक दिवस ती स्वयंपाक न करता पोटभर जेवते आणि कुणी 'काही झालं का' विचारत नाही. सगळे टाळ वाजवत असतात."

५२व्या दिवशी लागली नोकरी. आता पुन्हा भजनाला येत नाहीत. मला राग नाही, टाळ कुठे पळून जातोय.

गाडीतळकर

सगळ्यांचं वाचतोय. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण परवा घरात एक प्रकार झाला.

आवलीच्या शेजारणीने विचारलं ते डोक्यात होतं म्हणून बायकोशी बोलायला बसलो, खर्चाची वही घेऊन. वही सापडेना. आईला विचारलं तर ती म्हणाली हरिपाठाच्या वहीखाली बघ. तिथे नव्हती. हरिपाठाची वही मात्र उघडली गेली. आईची जुनी दोनशेपानी, कव्हरला खाकी कागद. पुढून अभंग उतरवलेले आहेत. मागून उघडली तर हिशेब.

मार्चच्या त्या मंगळवारची तारीख वर. खाली: 'दूध दीड लि. ऐवजी एक.' 'पेपर बंद (वाचनालयात जाते).' 'गुरुवारची फुलं दारातली.' 'रिक्षा नको, बस. ज्येष्ठ पास.' असं दोन पानं. आणि एप्रिलच्या पाच तारखेला, त्याच अक्षरात: 'बीपी गोळी अर्धी. पाकीट दोन महिने जाईल.'

दोन महिने ती बीपीची गोळी विळीवर अर्धी करून घेत होती. गवार मोडावी तशी.

मी ओरडलो. फार ओरडलो, मुलगी बाहेर आली खोलीतून. आई म्हणाली, "अरे मला काही होत नाही, माउली—" आणि मी वही आपटली. आता बसून हे लिहितोय. हात अजून थरथरतोय.

रात्रपाळी

सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, मेडिसिन वॉर्ड. बाकी चर्चा नंतर, आधी हे करा.

उद्या सकाळीच बीपी मोजून घ्या, आज रात्री डोकं दुखतंय, चक्कर, बोलताना जीभ जड, एक बाजू बधिर असं काहीही असेल तर उद्याची वाट न बघता दवाखाना. गोळी मनाने अर्धी करायची नाही, आणि आता घाबरून मनाने दुप्पटही द्यायची नाही. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या तर तोडायच्याच नसतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दोन महिने अर्धी घेतली, त्यावरून ते ठरवतील. आणि जनऔषधी केंद्रात त्याच औषधाची जेनेरिक गोळी विचारा, किंमत बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. सरकारी दवाखान्यातही बीपीच्या गोळ्या मिळतात.

आमच्या वॉर्डात अर्ध्या गोळ्यांवाल्या आया दर आठवड्याला येतात. तुम्ही पहिले नाही. मुलांना सांगत नाहीत, कारण मुलं आधीच त्रासात.

आणि तुमच्यासाठी: रात्री दोनला पंख्याकडे बघत असता म्हणालात. १४४१६, टेली-मानस, मानसिक ताणासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी कोविडनंतर स्वतः अशा समुपदेशनाला गेलेय. सुईची सवय असलेल्या बाईला बोलायची भीती वाटत होती, हसा हवं तर.

साडेतीन_शहाणा

रात्रपाळींशी शंभर टक्के सहमत. आणि बाकीच्यांनो, बघितलंत? हा श्रद्धेचा खर्च. 'माउली बघून घेईल' आणि गोळी अर्धी.

आवलीची_शेजारीण

शहाणे, थांबा. माझंही डोकं फिरलं ते वाचून, पण तुमचा हिशेब चुकतोय. माउलीवर टाकून ती स्वस्थ बसली असती तर दूध दीड लिटरच राहिलं असतं. बाईने मंगळवारीच वही उघडली. मुलाच्या आधी, सुनेच्या आधी. दूध, पेपर, रिक्षा, फुलं. नातीच्या क्लासला हात लावला नाही, माझी पैज. गाडीतळकर, बघा त्या वहीत क्लास आहे का?

खतं निम्मी केली आणि आपल्या वाट्याची तेवढी नदीत सोडली. मला ती गोष्ट इतकी वर्षं आवडायची. आज पहिल्यांदा भीती वाटली तिची.

गाडीतळकर

नाही. क्लास नाही त्यात. मुलीच्या वाढदिवसाचे पाचशे मात्र आहेत, 'ठेवले' म्हणून.

गोदाकाठ

आज दिवसभर औतामागं हेच डोक्यात व्हतं. आमची आजी खडी फोडायची तेव्हा सुकडी स्वतः न खाता पदरात बांधून आणायची, आमचा बाप लहान व्हता म्हणून. आम्ही हे कौतुकानं सांगत आलो. तिचे गुडघे पन्नाशीत गेले, ते कौतुकात कधी सांगितलं नाही कुणी.

बीपी किती आलं ते कळवा.

गाडीतळकर

बीपी १६८/९६ आलं. डॉक्टरांनी अख्खी गोळी पूर्ववत चालू केली, आठवड्याने परत बोलावलंय, काही रक्ताच्या तपासण्या. जनऔषधीचं केंद्र घरापासून चार मिनिटांवर निघालं. महिन्याच्या गोळ्या घेतल्या, बिल बघून मी काउंटरवरच हसलो. आई बाहेर पायरीवर बसली होती, म्हणाली, "कितीला?" सांगितलं. तर म्हणे, "मग उगाच तोडल्या."

परत येताना रसवंतीवर बसलो दोघं. मी विचारलं, तुला खरंच भीती वाटत नाही का गं? इतकी कशी झोपतेस?

आई म्हणाली, "पहाटे चारला उठते काकड्याला. दिवसभर उभी. झोप नाही येणार तर काय."

मग बराच वेळ ग्लास फिरवत बसली. म्हणाली, "तुझे वडील गेले तेव्हा तू चौथीत होतास. तेव्हापण हेच म्हणायचे मी, माउली बघून घेईल. तुला काय वाटलं, मला खात्री होती? खात्रीबित्री काही नव्हती. पण ते म्हटल्याशिवाय चुलीपाशी बसवत नव्हतं. म्हटलं की हात पुढं व्हायचा. तेवढंच."

मी म्हटलं, आणि नसतं बघितलं माउलीने तर?

"कित्येक गोष्टी नाहीच बघितल्या," ती म्हणाली. "यादी आहे माझ्याकडं. वर गेल्यावर काढणार आहे." आणि रसवाल्याला म्हणाली, बर्फ कमी घाल.

त्या यादीची वही वेगळी आहे का हे विचारायचं राहिलं.

रात्री बायकोशी बोललो. तीन तास. ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, ती झोपल्याचं नाटक करत नव्हती, मोबाइलचा उजेड पांघरुणात घेऊन शिकवण्यांच्या जाहिराती बघत होती. आता हप्त्यासाठी बँकेत सोमवारी दोघं जातोय, मुदत वाढवून हप्ता कमी होतो का बघायला. इतके दिवस मी एकटा जाणार होतो आणि म्हणून जातच नव्हतो.

साडेतीन_शहाणा

यादीवाल्या आईंना माझा नमस्कार सांगा. मी नास्तिकच आहे, पण अशी यादी घेऊन कुणी वर जाणार असेल तर मला मागून ऐकायला आवडेल.

अवांतर: व्यक्तिगत निरोप केलाय. आमच्या ओळखीत एका ठिकाणी ऑटोमेशन टेस्टिंगला माणूस हवाय, सहा महिन्यांचं कंत्राट, पैसे तुमच्या आधीच्या पगारापेक्षा कमी. वयाचं विचारणार नाहीत, तिथला प्रमुख ५८ आहे. खात्री देत नाही. सीव्ही दोन पानांचाच ठेवा, चौदा वर्षं एकाच कंपनीत म्हणजे पाच पानं असणार हे मला न बघता कळतंय.

गाडीतळकर

सात होती. दोन केली. धन्यवाद, खरंच.

उन्हाळी_लागली

सात!! 😂

गाडीतळकर

शेवटचं एक विचारायचंय, जाणकारांनी सांगा. आईला यंदा हडपसर ते सासवड चालायचंय. दरवर्षी ती गाडीतळापर्यंत येते, जिथे दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात, तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला आणि माउली सासवडकडे. तिथे नमस्कार करून परत. २०२० साली पादुका एसटीने गेल्या तेव्हा टीव्हीसमोर पदर खोचून उभी होती, बस दिसेनाशी होईपर्यंत बसली नाही. आता म्हणते, तू रिकामा आहेस तर चल की. 'रिकामा' हा शब्द तिने इतक्या सहज वापरला की मला राग यायचं राहून गेलं.

दिवे घाट जमेल का तिला? डॉक्टर म्हणाले, पुढच्या तपासणीत बीपी आटोक्यात असेल तर थोडं चाला, पण घाट पूर्ण नको.

गोदाकाठ

घाट खालूनच दिसतो, तेवढ्यावर समाधान माना. वडकीपर्यंत चाला, घाटाच्या पायथ्याला बसा, दिंड्या वर चढताना बघा. नागमोडी रस्ता भगव्या पताकांनी भरतो, ते खालून बघण्यासारखंच हाय. नवी चप्पल घालू नका, जुनी झिजलेलीच. पायात मोजे घाला आन् त्यात थोडी पावडर.

रात्रपाळी

त्या दिवशी बहुतेक वेळा एकादशीच असते. म्हणजे त्या उपास करणार. उपाशीपोटी ऊन आणि बीपीची गोळी, मला आत्ताच घाम फुटला. राजगिऱ्याचे लाडू, केळी, पाणी बरोबर ठेवा. गोळी नेहमीच्या वेळेलाच, उपास म्हणून चुकवायची नाही. त्या ऐकणार नाहीत, तुम्ही ऐका.

आवलीची_शेजारीण

बायकोलाही विचारा यायचं का. ती 'घरी कुणीतरी हवं' म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा.

गाडीतळकर

विचारलं दुसऱ्यांदा. येतेय. मुलगीसुद्धा, क्लास बुडवून, आजीच्या वशिल्याने.

कंत्राटाची मुलाखत पालखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ठरली आहे. पाय सुजले असतील तर कॅमेरा वरच्या बाजूलाच ठेवीन.

पिशवी आईनेच भरून ठेवली आहे, चार दिवस आधी. टाळ, नॅपकिन, राजगिऱ्याचे लाडू, पाण्याची बाटली, हरिपाठाची ती वही. गोळ्यांचं पाकीट तिने तळाशी घातलं होतं, मी काढून वरच्या कप्प्यात ठेवलं. आधी उघडून बघितलं. सगळ्या अख्ख्या आहेत. ती बघत होती, म्हणाली, "मोज, मोज."

मोजल्या.